आमसुलाची बाटली

माणसाला आपलें वय प्रथम शिंप्याकडून कळतें, असें आमचें मत आहे. गेल्या वर्षीं आमच्या शिंप्यानें कमरेभोंवतीं फीत दोनदां लावून पाहिली आणि कांहीं न बोलतां आंकडा लिहून घेतला. त्या मौनांतून जें कळावयाचें तें आम्हांस कळलें.

मेद झडविणाऱ्या औषधांचे दोन पंथ आहेत. पहिला कॅफीनसारखीं द्रव्यें देऊन शरीरास टाच मारणारा. तो आम्हांस मानवला नाहीं. चार दिवसांत झोप उडाली व छाती धडधडूं लागली. दुसरा पंथ सौम्य, उत्तेजकरहित म्हणविणारा. त्यांत ग्लुकोमॅनन आहे. तें कोन्याकू नांवाच्या कंदापासून काढतात, व तें पाणी शोषून पोटांत फुगतें. कार्निटीन आहे, तें मेदाम्लांस पेशींतील भट्टीपर्यंत वाहून नेतें, पण निरोगी शरीर तें स्वतःच बनवीत असतें. आणि गार्सिनिया आहे. फळांपासून केलेलें, म्हणून निरुपद्रवी, असा सोयीस्कर तर्क करून आम्हीं गार्सिनिया पसंत केलें. बाटली पुस्तकांच्या मागें ठेविली व घरांत कोणास सांगितलें नाहीं.

बाटली संपत आली तेव्हां आम्ही तिच्याविषयीं वाचूं लागलों. केरळांत माशांच्या कालवणांत जी कुडमपुळी घालतात तीच ही. आणि आमच्या कोंकणांतलें कोकम तिच्याच कुळांतलें! दोहोंत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतें. साखरेपासून चरबी बनविणाऱ्या एका विकरास हें आम्ल अडवितें, व उंदरांवर त्याचा गुण दिसला होता. माणसांचें काय? अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत 1998 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 135 स्थूल माणसांपैकीं कांहींना हें आम्ल रोज 1500 मिलिग्रॅम व बाकीच्यांना गुणहीन गोळ्या, असें 12 आठवडे दिलें; पथ्य दोघांना एकच. आम्ल घेणाऱ्यांचें वजन सरासरी 3.2 किलो उतरलें, गुणहीन गोळ्या घेणाऱ्यांचें 4.1 किलो. हा फरक योगायोगाचा मानला, तरी जें काय साधलें तें पथ्यानें, हें उघड झालें.

इतक्यांत आम्हांस ग्लानि येऊं लागली. डोळ्यांतला पिवळेपणा प्रथम आमच्या कुटुंबानें पाहिला. डॉक्टरांनीं रक्त तपासलें. यकृत बिघडलें होतें. ‘‘आणखी कांहीं घेतां का?’’ त्यांनीं विचारलें. कुटुंब शेजारीं उभें होतें. आम्हीं ‘‘नाहीं’’ म्हटलें.

त्या दिवसापासून तिनें दोष स्वतःच्या हाताकडे घेतला. फोडणी बंद केली, तेल बदललें. तिसऱ्या रात्रीं पाणी प्यावयास उठलों, तर ती स्वयंपाकघरांत आमसुलांची बरणी पुढें घेऊन बसली होती. ‘‘अहो, ही कढी तर बाधली नसेल ना?’’ एवढेंच तिनें विचारलें. आम्हीं पुस्तकांच्या मागून बाटली काढून तिच्यापुढें ठेविली.

सकाळीं डॉक्टरांकडे गेलों. गार्सिनियाच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, असें ते म्हणाले. आमच्या बाबतींत तेंच कारण, अशी शपथ मात्र त्यांनीं घेतली नाहीं. गोळ्या सुटल्या, आणि कांहीं आठवड्यांनीं रक्ताचे आंकडे ताळ्यावर आले. वाटेंत कुटुंब इतकेंच म्हणालें, ‘‘मला नव्हतें सांगायचें तर नव्हतें, पण डॉक्टरांपुढें तरी खरें बोलायचें होतें.’’ यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

आतां सायंकाळीं आम्ही दोघें फिरावयास जातों. भाताची मूद लहान झाली आहे. शिंप्यानें परवां पुन्हां फीत लावली, तेव्हां आंकडा अर्ध्या इंचानें उतरला होता. रविवारीं पानांत कढीची वाटीही परत आली आहे. तिच्यांतलें आमसूल आम्ही चवीकरितां खातों, आणि त्याच्याकडून दुसरी कसलीच अपेक्षा ठेवीत नाहीं.