म्हशाच्या जत्रेतला कोयता

शहापूर

चि. भाच्यास,


फोटोतला काळपट, स्वच्छ कोयता नवा आणला का, असं तू विचारलंस. नाही, तो जुनाच आहे. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेला आजोबांनी घेतलेला. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता, आणि इथला पावसाळा लोखंडाला सोडत नाही.

गंजात लोखंड असतंच, पण ऑक्सिजन आणि पाण्याशी बांधलं गेलेलं. चिंच-लिंबानं घासलं की गंज निघतो, पण त्यातलं लोखंडही धुऊन जातं. ते पुन्हा धातू व्हायचं तर ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो.

घरी हे विजेनं करतात. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला कोयता, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. कोयत्याभोवती हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांबडा गंज काळा पडून सुटतो आणि ब्रशनं निघतो. मात्र त्याचा थोडाच भाग खरा धातू होतो. बराचसा काळा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, होतो, आणि गंजानं पाडलेले खड्डे काही भरत नाहीत. ‘गंजाचं पुन्हा लोखंड’ असं मोठ्यानं सांगणारे हे सांगत नाहीत!

पुरतं काम भट्टीत होतं. आपल्याच तालुक्यात वासिंदला पत्र्यावर जस्त चढवतात. अशा सलग चालणाऱ्या कामात पत्रा आधी हायड्रोजन-नायट्रोजनच्या तापलेल्या भट्टीतून जातो. हायड्रोजन वरच्या पातळ पापुद्र्यातला ऑक्सिजन घेऊन वाफ होतो. खाली उघडं लोखंड राहतं, म्हणून सुमारे 460 अंशांच्या वितळलेल्या जस्तात ते जस्त घट्ट धरतं. पोलंडच्या तादेउश सेंझिमिर यांनी 1930च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पेणजवळ डोलवीला तर खनिजाचंच नैसर्गिक वायूनं स्पंज आयर्न करतात. हेमेटाइट हे खनिज गंजाचं सख्खं भावंड, शुद्ध असेल तर 160 किलोत 112 किलो लोखंड.

तिकडे तू हे विजेचं काम करून पाहशील, तर उघड्या हवेत कर, हायड्रोजन पेट घेतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील मुळीच लावू नकोस, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि काम झालं की अवजार लगेच पुसून त्याला तेल लाव, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होईल.

तुझा मामा