काफिल्याला पुढे जाऊ द्या

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो होतो. घरी आल्यावर मोबाइलमधले फोटो बघत बसलो. एकशे सत्तेचाळीस फोटो निघाले. मुलं होती, हे होते, मी होते. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फक्त एका फोटोत सापडल्या, आणि तो फोटोही त्यांचा नव्हता. पुढे मुलं आइस्क्रीम खात होती आणि मागे बाकावर अम्मी बसल्या होत्या. मांडीवर दोन बॅगा, पायाशी ओले बूट आणि चेहरा दुसरीकडेच वळलेला.

आठ वर्षांच्या सनाने विचारलं, "दादी, तू दिवसभर होतीस कुठे?"

"सामान सांभाळत होते, बेटा," अम्मी हसून म्हणाल्या. मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला घरीच राहू द्या. तुम्हाला उगाच माझी अडचण."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या मनापासून म्हणाल्या, म्हणूनच ते वाक्य मला लागलं.

मग मी त्या दिवसाचा हिशोब मांडला. सकाळी साडेदहाला आत गेलो, रात्री आठला बाहेर पडलो. एवढ्या वेळात सात राइड झाल्या. एक राइड दोन मिनिटांची, एखादी पाचाची. सगळ्या मिळून अर्धा तासही भरला नाही. बाकीचे नऊ तास रांगेत, किंवा एका रांगेतून दुसऱ्या रांगेकडे धावण्यात गेले. सना दोनदा रडली. मी एकदा ओरडले. जोहर आणि असर दोन्ही कजा झाल्या. आणि ज्या बाईने या घराला वाढवलं, तिला आम्ही बाकावर ठेवून विसरलो.

हे सगळं कशासाठी, तर तिकीट वसूल व्हावं म्हणून. माणशी एवढे पैसे मोजले, तर जास्तीत जास्त राइड झाल्याच पाहिजेत, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ते तिकीट राइडचं नसतंच, दिवसाचं असतं. तो दिवस कसा घालवायचा हे आपल्या हातात असतं.

म्हणून या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो, अम्मींना घेऊन. शाळेला एक दिवस दांडी मारून मंगळवार गाठला. निघण्याआधी घरात एकच नियम ठरला. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी झाल्याशिवाय परत यायचं नाही. बाकी झालं तर झालं. तेरा वर्षांच्या अयानने नायट्रो सांगितलं. सनाने अलीबाबा. ह्यांनी डायनासोरची होडी. मी म्हटलं, मला निवांत बसायचंय. अम्मी आधी म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" फार आग्रह केल्यावर म्हणाल्या, "सगळ्यांना एकत्र बसता येईल असं काही असेल तर तिथे चला."

इमॅजिका 2013 साली सुरू झालं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागलं की सांगडेवाडीपाशी ते येतं. मुंब्र्याहून आम्हाला काही फार लांब नाही.  मुसल्ला बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता.

दार उघडल्यावर माणसं पळतात. मोठी माणसंसुद्धा. अयानचे पायही शिवशिवत होते. त्याला आणि ह्यांना आम्ही सरळ नायट्रोकडे पाठवून दिलं. सकाळी रांग लहान असते, तेव्हा ज्याला मोठी राइड हवी त्याने ती आधीच उरकून घ्यावी. नायट्रोच्या पाळण्याला पायाखाली फळी नाही. पाय अधांतरी लोंबतात आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. आम्ही तिघी समोर सावलीत बसलो.

तिथे बसून बघण्यासारखं खूप असतं. अम्मींनी एक खेळच शोधला. "आत जाणाऱ्यांचे चेहरे बघ," त्या सनाला म्हणाल्या, "आणि मग तेच बाहेर येताना बघ." जाताना मोठमोठ्याने बोलणारे कॉलेजचे मुलगे येताना गप्प होते. जाताना घाबरलेली एक मुलगी येताना नाचत होती. आमचा अयान हसत आला. मागून त्याचे अब्बू कठडा धरत आले.

शेजारच्या बाकावर साताऱ्याकडच्या एक आजी येऊन बसल्या. मांडीवर बॅगा, पायाशी नातवंडांच्या चपला. अम्मी म्हणाल्या, "तुमची पण सामानाची ड्युटी का?" दोघी इतक्या हसल्या की सनाला कळेना काय झालं. मग गुडघे, तेल, नाचणीची भाकरी आणि सुनांचे मोबाइल असे सगळे विषय झाले. गेल्या वर्षीही असं कुणीतरी शेजारी बसलं असेल. पण तेव्हा अम्मींना बॅगांवरून नजर काढायची सोय नव्हती. या वेळी आमच्याकडे एकच बॅग होती, आणि ती आम्ही आळीपाळीने घेत होतो.

अलीबाबाच्या रांगेत उभं राहावं लागलं. पण रांग म्हणजे वाया गेलेला वेळ असं कुणी ठरवलं? अम्मींनी गोष्ट सुरू केली. खुल जा सिमसिम, तेलाचे बुधले, दारावरची खूण. गोष्ट सांगता सांगता त्यांनी सनाला विचारलं, "यात खरं हुशार कोण? अलीबाबा की मर्जिना?" पुढे उभी असलेली दोन मुलंही वळून ऐकायला लागली. मी त्यात माझी भर घातली. ही गोष्ट अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. 1709 साली पॅरिसमध्ये अंतुआन गालां या फ्रेंच भाषांतरकाराने ती अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाकडून ऐकली आणि मग ती जगभर गेली. अयानला हे भारी वाटलं. "म्हणजे कुणीतरी कुणाला तोंडानेच सांगितलेली?" तो म्हणाला. हो, आत्ता दादी सांगतेय तशीच.

डायनासोरच्या होडीत ह्यांच्याबरोबर फक्त अयान गेला. आम्हाला भिजायचं नव्हतं. होडी वरून धाडकन पाण्यात पडते, ते बघत आम्ही लांब उभ्या राहिलो. ह्या राइडच्या नावातला राजासॉरस खरा आहे, हे मात्र तिथे जाणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रायोली गावात त्याची हाडं सापडली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेच्या खोऱ्यातला राजा. त्या बालासिनोरच्या नवाबी बाबी घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी या तिथले जीवाश्म जपण्यासाठी झटत आल्या आहेत आणि पाहुण्यांना ते स्वतः दाखवतात. सनाने लगेच जाहीर केलं, की मोठेपणी तीही हाडं शोधणार.

दुपारी सगळ्यांचा चेहरा उतरतो. ऊन, भूक आणि रांगा एकदमच येतात. गेल्या वर्षी आम्ही याच वेळी सगळ्यात जास्त धावलो होतो. या वेळी एका कर्मचाऱ्याला विचारलं, त्याने एक शांत कोपरा दाखवला. वजू करून जोहर अदा केली. मग दाल-भात, भाजी. मांसाबद्दल खात्री नसेल तिथे शाकाहारी जेवण हा साधा मार्ग आहे. एक दिवस बिर्याणी नसली म्हणून काही बिघडत नाही.

जेवून आम्ही चक्क पाऊण तास बसून राहिलो. अयानची चुळबुळ सुरू झाली. "सगळे पुढे चाललेत, आपण बसलोय!"

अम्मींनी त्याला जवळ बसवलं आणि एक हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासात होते, बरोबर ह. आयेशा (र.) होत्या. प्रेषितांनी लोकांना पुढे जायला सांगितलं. सगळे पुढे गेल्यावर त्यांनी आयेशांना धावण्याच्या शर्यतीला बोलावलं, आणि त्या जिंकल्या. पुढे कितीतरी दिवसांनी, पुन्हा एका प्रवासात, तसंच लोकांना पुढे पाठवून त्यांनी पुन्हा शर्यत लावली. या वेळी प्रेषित जिंकले आणि हसून म्हणाले, की मागची फिटंफाट झाली.

"एवढ्या मोठ्या कामाचा माणूस," अम्मी म्हणाल्या, "पण घरच्या माणसाबरोबर चार पावलं धावायला त्यांनी अख्ख्या काफिल्याला पुढे जाऊ दिलं. तुला ही माणसं पुढे जाऊ देता येत नाहीत?"

मी लहानपणापासून ही हदीस ऐकत आले होते, ती नेहमी पती-पत्नीच्या प्रेमाची म्हणून. काफिल्याला पुढे पाठवण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आपल्याला तर नमाजसाठीही धावत येऊ नका, शांतपणे या, अशी शिकवण आहे. मग पाळण्यासाठी काय धावायचं?

सना मात्र एवढंच म्हणाली, "दादी, आपण लावू या शर्यत?" आणि अम्मी उठल्या. या झाडापासून त्या दिव्याच्या खांबापर्यंत. अम्मींचे गुडघे बघता ती चालण्याचीच शर्यत होती. सना हरली. मुद्दाम की खरोखर, ते मी विचारलं नाही.

असरनंतर अम्मींची गोष्ट. आय फॉर इंडिया नावाच्या राइडमध्ये सगळे एका ओळीत बसतात, मोठ्या गोलाकार पडद्यासमोर खुर्च्या अधांतरी उचलल्या जातात, आणि आपण देशाच्या डोंगर-नद्यांवरून, वास्तूंवरून तरंगत चालल्यासारखं वाटतं. उलटंसुलटं काही नाही. तरी आधी बाहेरची सूचना वाचली, कर्मचाऱ्याला विचारलं, मगच अम्मींना आत नेलं. सुरुवातीला त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग हात सैल झाला. बाहेर आल्यावर काही वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी एवढी वर्षं जहाजावर काढली. ते म्हणायचे, दुनिया लांबून बघितली की सगळी आपलीच वाटते. आज कळलं त्यांना काय म्हणायचं होतं."

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मगरिब पढून आम्ही मिरवणूक बघायला रस्त्याच्या कडेला लवकर जाऊन बसलो. दिवे, नाच, रंगीबेरंगी गाड्या. सना आजीच्या मांडीवर होती.

अयान मात्र पूर्ण खूश नव्हता. "सलीमगढ राहिलं. चारच राइड झाल्या," तो गाडीत म्हणाला. त्याचं चूक नाही. त्या वयात धावावंसं वाटणारच. ठरलं, की एकदा तो त्याच्या चुलत भावांबरोबर येईल आणि मनसोक्त धावेल. शांत सहल म्हणजे मुलांना बसवून ठेवणं नव्हे. ज्याचा जो वेग आहे त्याला तो मिळावा आणि कुणी बाकावर विसरलं जाऊ नये, एवढंच.

ज्यांना अशा सहलीला जायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या टाळा. शुक्रवारही नको, जुम्मा राहतो. बऱ्याच राइडना उंचीची अट असते. लहान मुलांना ती घरीच सांगा, दारात हिरमोड नको. हृदयाचा, पाठीचा त्रास असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर सूचना वाचल्याशिवाय कुठेही बसू नका. एकच बॅग ठेवा. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, म्हणजे धावणारे धावतील आणि बसणारे निश्चिंत बसतील. नमाजच्या वेळांभोवती दिवस आखला तर विश्रांती आपोआप होते. आणि घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला आधी विचारा, की त्याला काय हवंय.

रात्री खोपोलीत नातेवाइकांकडे राहिलो. सकाळी महाडकडच्या आमच्या गावी निघालो, पालीवरून, वाकण फाट्याच्या रस्त्याने. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे गंधकाचा वास येतो. सनाने नाक दाबलं. अम्मींनी गुडघ्यांवर गरम पाणी ओतून घेतलं आणि डोळे मिटले. तिथे ना तिकीट होतं, ना रांग. आम्ही किती वेळ थांबलो, कुणी मोजलं नाही.

गाडीत बसताना अम्मी ह्यांना म्हणाल्या, "पुढच्या वेळीही मंगळवारच धरा. गर्दी कमी असते."