पळसदरीचा बगळा

मुलांनो, कर्जतहून खोपोली लोकल पकडली की पहिलंच स्टेशन पळसदरी. पुण्याच्या गाड्या इथे न थांबता धडधडत घाटाला लागतात. स्टेशनातून चालत निघायचं, तलाव गाठायचा. मागे सोनगिरीचा डोंगर. दिवाळीच्या सुमारास उतारावरचं गवत गुडघाभर असतं. हे गवतच आम्हाला हवं होतं, कारण भाचेमंडळींनी बरोबर विमान आणलं होतं आणि ते पडणार हे नक्की होतं!

विमान म्हणजे बाल्साचं ग्लायडर. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याचं लाकूड हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. आकार मात्र लष्करी, हेरॉन या इस्रायली ड्रोनचा. आपल्या सैन्यदलांकडेही ही ड्रोन आहेत. खऱ्या हेरॉनचे पंख टोकापासून टोकापर्यंत १६.६ मीटर, लांबी ८.५ मीटर. दोन्हींना ४० ने भागा बरं! पंख साडेएकेचाळीस सेंटिमीटर आणि लांबी एकवीसच्या जरा वर. पंखांची रुंदी आम्ही थोडी वाढवली, नाहीतर नुसती पट्टीच झाली असती. मागे दोन काड्या, त्यांच्या टोकांना उभी शेपटं आणि मध्ये एक आडवी पट्टी. कापताना मोठं माणूस जवळ हवंच.

हेरॉन म्हणजे बगळा. नाव अगदी शोभतं. तलावाच्या काठी बगळे बघा, काय ते बकध्यान! हे ड्रोनही चोवीस तासांहून जास्त वेळ आकाशात राहून खाली टक लावून बसतं. पंख मात्र बगळ्याचे नाहीत. बगळ्याचे रुंद, याचे लांब आणि अरुंद, समुद्रावर तासन्‌तास तरंगणाऱ्या अल्बट्रॉससारखे. असे पंख कमी इंधनात जास्त वेळ तरंगतात. याचा पंखा असतो मागे, तो विमानाला ढकलतो. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात ना, तसंच.

"मग यात माणूस कुठे बसतो?" भाचीनं विचारलं.

"कुठेच नाही. तो जमिनीवर बसून चालवतो."

"म्हणजे पडलं तरी कुणाला काही होत नाही?"

"आतल्या कुणाला नाही."

ती जरा थांबली. "आणि खाली असतात त्यांना?"

हेरॉनचं मुख्य काम टेहळणीचं. पण काही ड्रोन बॉम्बही टाकतात आणि खाली माणसं असतात. मी तिला हे सरळच सांगितलं. ती काही बोलली नाही, पण आमच्या ग्लायडरवर बॉम्ब रंगवायचा भाच्याचा बेत तिनं तिथेच मोडून काढला.

आता उड्डाण! रुळांच्या आणि विजेच्या तारांच्या बाजूला अजिबात नाही. तोंड तलावाकडे, पण पाण्यापासून भरपूर लांब. वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. ऊन तापलं की हवा वर चढते, घारी घिरट्या घालू लागतात आणि हलकं ग्लायडर भरकटतं. पहिल्या फेकीत आमच्या बगळ्यानं नाक वर केलं, क्षणभर थबकला आणि शेपटीवर आपटला. शेपटी जड! नाकाला वाटाण्याएवढी माती चिकटवली. पंखांखाली दोन बोटं धरली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एकतृतीयांशावर. तिथे तोल साधला की झालं. फेकायचंही जोरात नाही, समोर सरळ सोडून द्यायचं.

पाचव्या फेकीला तो उतारावरून गवताच्या शेंड्यांना जेमतेम न शिवता गेला, गेला आणि काठाच्या अलीकडे टेकला. भाचीनं घड्याळ दाखवलं. नऊ सेकंद!

पाण्यातल्या खऱ्या बगळ्यानं मानसुद्धा वळवली नाही.