'राजपूत': आमिष झालेली विनाशिका

१/ धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही एका युद्धनौकेची कथा परांड्याच्या किल्ल्यापासून सांगता येते. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली निजामशाहीची 'मलिक-ए-मैदान' तोफ काही काळ परांड्यात होती. १६३२ मध्ये ती आदिलशाहीच्या विजापुरात गेली आणि तिथलीच म्हणून प्रसिद्ध झाली. शस्त्रे अशी धनी बदलतात.

२/ समुद्रावरही तेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छोट्या टॉर्पेडो बोटींपासून मोठ्या युद्धनौकांना धोका निर्माण झाला. या बोटींचा नाश करण्यासाठी जी वेगवान नौका जन्मली, ती विनाशिका. अमेरिकेच्या विनाशिकांत पहिला क्रमांक 'बेनब्रिज'चा. ती १९०२ मध्ये नौदलात आली. पुढे पाणबुड्यांचा माग काढणे हेही विनाशिकांचे काम ठरले.

३/ स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये ब्रिटनकडून तीन वापरलेल्या विनाशिका घेतल्या: 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा'. 'राजपूत' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील 'रॉदरहॅम'.

४/ १९७१. पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' विमानवाहू 'विक्रांत'च्या शोधात बंगालच्या उपसागरात आली. तीही परकीय बनावटीची. अमेरिकन नौदलात तिचे नाव 'डायब्लो' होते. 'विक्रांत' अंदमानच्या आश्रयाला गेली आणि विशाखापट्टणमजवळून जुनी 'राजपूत' जणू आपणच 'विक्रांत' आहोत असे बिनतारी संदेश देत राहिली.

५/ ३ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदराबाहेर पडताना 'राजपूत'ने पाणबुडीच्या संशयावरून डेप्थ चार्ज टाकले. त्याच रात्री 'गाझी' बुडाली. तिच्यावरील नव्वदहून अधिक जणांपैकी कोणीही वाचले नाही.

६/ भारतीय नौदलाने श्रेय 'राजपूत'ला दिले. पाकिस्तानने अपघाती स्फोटाचे कारण पुढे केले. 'गाझी'ने स्वतः पेरलेल्या पाणसुरुंगाचा स्फोट झाला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. अभिमान कितीही मोठा असला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने हा वाद झाकून ठेवू नये.

७/ मात्र 'राजपूत'चा मान त्या एका स्फोटावर अवलंबून नाही. 'गाझी' विशाखापट्टणमपाशी थांबली आणि 'विक्रांत' सुखरूप राहून पूर्व किनाऱ्यावरील युद्धात उतरली, याबद्दल वाद नाही.

८/ 'राजपूत' पुढे मोडीत निघाली. 'गाझी' आजही समुद्रतळाशी आहे. १९९७ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली विनाशिका 'दिल्ली' नौदलात दाखल झाली. दुसऱ्यांची जहाजे चालवत जे शिकले गेले, त्याचा हिशेब लिहिताना ही उसनवारीची 'राजपूत' वगळता येत नाही.