भीमाशंकरच्या पाचोळ्यातील उजेड

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरचे अरण्य पसरले आहे. भीमा नदीचा उगम येथेच होतो. १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या वनात यात्रेकरूंची दृष्टी बहुधा वर, शेकरू शोधीत फिरते. वनाचा मोठा संसार मात्र पायांखाली चालतो.

पावसाळ्यातील काळोख्या रात्री विजेरी विझवून क्षणभर स्थिर उभे राहिले, तर कुजणाऱ्या ओल्या काटक्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. हा चमत्कार नव्हे. मायसिना वर्गातील बुरशीच्या तंतूंमध्ये एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि थंड प्रकाश उमटतो.

हीच बुरशी लाकूड जिरवते. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन पचविणे फार थोड्या जीवांना साधते. त्यांत बुरशी अग्रगण्य आहे. वाळवी, वाणी आणि गांडुळे पाचोळा बारीक करतात, उरलेले काम जीवाणू पुरे करतात. पानांत अडकलेले नत्र, स्फुरद आणि पालाश अशा रीतीने पुन्हा मुळांना मिळते. मुसळधार पाऊस या डोंगरांवरील मातीतले क्षार धुऊन नेतो. म्हणून पाचोळा हीच येथील झाडांची शिदोरी ठरते.

परिसरातील महादेव कोळी समाजाने आहुपे आदी गावांत देवराया राखल्या. देवराईतील वाळकी काटकीही उचलू नये, असा जुना दंडक आहे. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या संशोधकांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे मांडले.

आज अनेक देवरायांत जीर्णोद्धाराच्या निमित्ताने फरशी येते आणि स्वच्छतेच्या नावाखाली पाचोळा झाडून जाळला जातो. त्यात असंख्य सूक्ष्म जीवांची होळी होते. जुने वृक्ष काही काळ उभे राहतात; परंतु खाली पडलेल्या बीजाला रुजण्यास मऊ माती उरत नाही.

चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवितात, कारण ओल्या भूमीवर पावलागणिक जीव असतो. त्याच दिवसांत भीमाशंकरला जाणाऱ्या प्रवाशानेही पायवाट सोडू नये. कौतुकाने घरी नेलेली उजळती काटकी वाळते आणि तिचा उजेड विझतो. जागीच राहिली, तर काही पावसाळ्यांत तिची माती होते आणि एखाद्या रोपाच्या मुळाशी पोहोचते.