संमतीची भाषा

औषधचाचणीच्या संमतिपत्राचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम मध्यंतरी आम्हां दोघांकडे आले. साहित्याच्या अध्यापकांचा या विषयाशी काय संबंध, असे प्रथम वाटले. परंतु वाचू लागलो तसा तो आमचाच विषय निघाला.

'यादृच्छिक विभागणी' हा शब्दप्रयोग निर्दोष होता. रुग्णाला मात्र एवढेच कळायला हवे होते, की नवे औषध कोणाला आणि औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी कोणाला, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते नाणेफेकीसारखे ठरते.

त्याहून अवघड शब्द होता 'उपचार'. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषधाची सुरक्षितता व मात्रा पाहतात, दुसऱ्यात गुणाचा अंदाज घेतात, तिसऱ्यात तो मोठ्या संख्येने रुग्णांवर पडताळतात. जे अद्याप सिद्ध व्हायचे आहे त्याला 'उपचार' म्हणणे म्हणजे आश्वासन देणे होय. तेथे आम्ही 'चाचणीतील औषध' असे सुचविले.

भारतात २०१९च्या नियमांनुसार ही माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. कारण न सांगता चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते.

परिभाषा घडविताना आपण शब्दाची शुद्धता पाहतो. कागदावर अंगठा उमटविणाऱ्याला तो शब्द कळेल काय, हा प्रश्न मराठीच्या वर्गातही विचारला जावा, असे आम्हांस वाटते.