नकाशातील गाव आणि गावाचे नाव

व्यापाऱ्याच्या बिलावर पत्त्याची ओळ सर्वांत लहान अक्षरांत छापलेली असते. पण माल, पैसा आणि पत या तिन्ही गोष्टी त्याच ओळीवर विसंबून असतात. एकेकाळी ‘स्टेशन रोड, कुर्डुवाडी’ एवढे लिहिले की हुंडेकरी माल बिनचूक पोहोचवीत असे. आता हे काम मोबाइलवरील नकाशाकडे आले आहे.

कुर्डुवाडीला नावाची अडचण नवी नाही. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील हे स्थानक इंग्रजी अमदानीत ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखले जाई. १८९७ मध्ये येथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. नावात बार्शी असली, तरी बार्शी वीस मैलांहून अधिक दूर होती. शिवाय जवळच कुर्डू हे स्वतंत्र गाव आहे. रोमन लिपीत कुर्डुवाडी लिहिताना कोणी ‘व्ही’ वापरतो, कोणी ‘डब्ल्यू’.

येथील एका वयस्कर धान्य व्यापाऱ्यांकडे लातूरहून तूरडाळीचा ट्रक यायचा होता. सायंकाळी फोन आला, “शेठ, मी कुर्डूत येऊन हुबा हाय. मोबाइलातली बाई इंग्रजीत बोलतीया, काय कळंना.” हमाल वाट पाहून घरी गेले. ट्रक रात्रभर दुकानाबाहेर उभा राहिला आणि थांबण्याचे भाडे व्यापाऱ्यांनी भरले. चालक तरबेज होता, मराठी वाचू शकत होता. परंतु त्याच्या हाती दिलेला नकाशा इंग्रजीत होता आणि त्यावरील खूण दुसऱ्याच गावी होती.

गूगलने जानेवारी २०२१ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे यंत्राद्वारे लिप्यंतरित करून दाखविण्याची सोय जाहीर केली. सोय मोठी आहे. मात्र मूळ नाव रोमन लिपीत असले की यंत्राला अंदाज करावा लागतो. रोमन लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, ‘ड’ व ‘द’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेदही तेथे नाहीसा होतो. मग करमाळा, मोहोळ, मंगळवेढा ही नावे परत देवनागरीत येताना शुद्ध राहतीलच, याची खात्री कोणी द्यावी? बँकेत धनादेशावरील नाव खात्याशी जुळले नाही तर तो परत येतो. पत्त्याचेही तसेच आहे.

सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांनी टपाल खातेही त्रस्त होते. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी सहा अंकी पिनकोड योजिला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. अंकांनी टपाल कार्यालय नेमके केले. मात्र दुकानाचे दार अजूनही नावानेच शोधले जाते.

त्या नावाची दुरुस्ती बरीचशी आपल्या हाती आहे. नकाशावर दुकान नोंदविताना नाव देवनागरीतही लिहावे. गोदाम वेगळ्या ठिकाणी असेल तर त्याची खूण वेगळी करावी आणि ती मालाची गाडी लागते त्या दारावरच असावी. चूक आढळल्यास दुरुस्ती सुचविण्याची सोय वापरावी. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडविलेल्या नकाशात तर मराठी नावासाठी स्वतंत्र जागाच ठेवलेली आहे. आणि चालकाला खूण पाठविण्यापूर्वी, त्याच्या मोबाइलमध्ये मराठी भाषा निवडलेली आहे ना, हे विचारून घ्यावे.

त्या व्यापाऱ्यांच्या नातवाने हे सारे एका दुपारी पूर्ण केले. आजोबांनी चष्मा पुसून पडद्यावरील दुकानाचे नाव दोनदा वाचले आणि एवढेच म्हणाले, “आता मागच्या गल्लीतल्या गोदामाचंही टाक; उद्या साखर यायची आहे.”